जुन्या मोटारीची गळकी पेट्रोल-नळी

आमच्या सभासदांपैकीं अनेकांच्या दारांत वीस-पंचवीस वर्षांची, कार्ब्युरेटरवर चालणारी पेट्रोलची मोटार अजून उभी असते. बाजारास जाणें, आजाऱ्यास तालुक्याच्या गांवीं नेणें, बियाण्याचीं पोतीं आणणें, हीं कामें ती निमूटपणें करते, म्हणूनच तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. परंतु मोटारीखालीं पेट्रोलचा ओला डाग दिसला तर मात्र “चालते आहे तोंवर चालूं द्या” असें म्हणतों. ही समजूत घातक आहे. गळकी नळी ही बांधण्याची वस्तु नसून बदलण्याची वस्तु आहे, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

ही चूक आम्हीं स्वतः केलेली आहे. २०२४ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या मोटारीस पेट्रोलचा वास येऊं लागला. एका कारागिरानें चिरलेल्या नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वर तार आवळली, आणि थोडक्यांत भागलें म्हणून आम्हींहि समाधान मानलें. मोटार गोठ्याच्या पडवींत, कडब्याच्या गंजीपासून चार हातांवर उभी असे. आठव्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही बाजाराहून परतलों तों वीज गेलेली. घरच्या मंडळींनीं कंदील लावण्यासाठीं काडी हातांत घेतली, पण उग्र वास आला म्हणून त्या थबकल्या. विजेरीच्या उजेडांत पाहिलें तों एंजिनाखालची फरशी ओली! ती काडी ओढली गेली असती तर दोन गाई, वासरूं आणि वर्षाचा चारा यांचें काय झालें असतें, हें लिहावयास नको. माणसाची गोष्ट तर दूरच. महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं आगीचे पंचनामे लिहिले आहेत. “कारण समजूं शकलें नाहीं” हे शब्द कागदावर किती सहज उतरतात, तें आम्ही जाणतों.

पेट्रोल हें रॉकेलासारखें नव्हे. शून्याखालीं चाळीस अंशांच्या थंडींतहि तें पेट घेण्याजोगी वाफ सोडतें. म्हणून हिवाळ्यांत भय नाहीं, हें म्हणणें खोटें आहे. शिवाय ही वाफ हवेहून तीन-चार पट जड असते. ती वर उडून न जातां जमिनीलगत पसरते, खड्ड्यांत व कोपऱ्यांत सांचते, आणि दूरच्या चुलीपर्यंतहि पोहोंचते.

नुकसानीचाहि हिशेब पाहावा. वीस थेंबांचा सुमारें एक मिलिलिटर धरला, आणि सेकंदास एक थेंब गळूं लागला, तर तासांत १८० मिलिलिटर पेट्रोल जातें. रोज दोन तास मोटार चालविणाऱ्याचें महिन्यास सुमारें अकरा लिटर पेट्रोल रस्त्यावर सांडतें. थकबाकी लहान असतांनाच वसूल करावी, हा आमच्या जुन्या खात्याचा धडा येथेंहि लागू पडतो.

आतां ऊस पिकविणाऱ्या सभासदांनीं विशेष लक्ष द्यावें अशी एक गोष्ट सांगतों. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम आपल्या देशांत २००३ सालीं सुरू झाला. २०२२ सालीं मिश्रणाचें प्रमाण शेंकडा १० वर पोहोंचलें, आणि २०२५ सालीं शेंकडा २० वर गेलें. ह्या इथेनॉलाचा कांहीं भाग आपल्याच उसापासून होतो व त्यांतून कारखान्यांस पैसा मिळतो, ही चांगली गोष्ट आहे. परंतु जुन्या मोटारींतील रबर ह्या मिश्रणासाठीं घडविलेलें नव्हतें. इथेनॉलानें असें रबर फुगतें, मऊ पडतें आणि पुढें चिरतें. इथेनॉल हवेंतील ओलावाहि ओढून घेतें, त्यामुळें बहुतेक वेळ उभ्या असणाऱ्या मोटारीची लोखंडी नळी व टाकी आंतून गंजूं लागते. इथेनॉलास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या पिकाचा लाभ आपण घेतों, त्याच्या रसानें आपल्याच दारच्या मोटारींत काय होतें, हें ठाऊक असणें मात्र आपलें कर्तव्य आहे.

पेट्रोलचा मार्ग सर्वांनीं एकदां नीट पाहून घ्यावा. मागच्या टाकींतून निघालेली लोखंडी नळी मोटारीच्या पोटाखालून पुढें येते. टाकीपाशीं आणि पंपापाशीं तिला रबरी नळीचे तुकडे जोडलेले असतात. पंपापासून कार्ब्युरेटरापर्यंतहि रबरच असतें. लोखंडी नळी ज्या पकडींनीं बांधलेली असते, तेथें चिखल सांचून ती प्रथम गंजते. रबरी नळी बहुधा टोंकाशीं, क्लिपखालीं चिरते. एंजिनावरच्या पंपाच्या पुढील भागांत दाब असतो, म्हणून तेथील चीर थेंब टाकते. मागील भागांत ओढ असते, म्हणून तेथील चीर एंजिन चालूं असतांना हवा ओढते, आणि मोटार चढावर अडखळते. थेंब दिसत नाहीं म्हणून नळी शाबूत आहे, असें समजूं नये.

काम करावयाचें तें उघड्या जागेवर, दिवसाउजेडीं आणि एंजिन पूर्ण थंड झाल्यावर करावें. बिडी-काडी दूर ठेवावी. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी, टाकीचें झांकण उघडून दाब मोकळा करावा, आणि गळणारें पेट्रोल धातूच्या भांड्यांत धरून नळीचें तोंड बोळ्यानें नव्हे, तर घट्ट बुचानें बंद करावें. जुनें रबर ओढून न काढतां चिरून काढावें, म्हणजे लोखंडी टोंक वांकत नाहीं. टोंकावरील गंज घांसून पुसून घ्यावा. नवी नळी टोंकाच्या उंचवट्यापलीकडे निदान एक इंच चढवावी आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागें आवळावी. नळी धुराच्या तापत्या नळास कोठेंहि टेकूं देऊं नये. फिल्टर त्याच वेळीं बदलावा, कारण जुन्या नळींतील रबराचा भुगा त्यांतच अडकलेला असतो. शेवटीं एंजिन चालू करून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून पाहावा. अंधारांत काडी ओढून तर कदापि पाहूं नये.

नळी कोणती घ्यावी, हाच कळीचा मुद्दा आहे. पाण्याची नळी, फवारणी-पंपाची नळी, पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, ह्यांपैकीं एकहि चालत नाहीं. पेट्रोलच्या नळीवर जात छापलेली असते. ‘एस.ए.ई. जे ३० आर ७’ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठीं आहे. ‘आर ९’ ही अधिक दाब सोसते, आणि आंतील विशेष अस्तरामुळें इथेनॉलाच्या मिश्रणासहि अधिक टिकते. किंमत कांहीं अधिक पडली तरी आमची शिफारस दुसरीचीच आहे. एक तुकडा चिरला असेल तर बाकीचेहि त्याच वयाचे असतात. म्हणून सर्व रबर एकदमच बदलावें. लोखंडी नळी गंजून भोंक पडलें असेल तर टाकीजवळ झाळकाम मुळींच करवूं नये. सगळी नळी नवी घालावी. गळतीवर साबण चोळण्याची युक्ति जुने चालक सांगतात. ती घर गांठण्यापुरतीच समजावी, कारण साबण इथेनॉलांत विरघळतो.

कोणी म्हणतील, इतक्या जुन्या गाडीवर खर्च कशाला? आमचें उत्तर असें कीं, खर्च गाडीवर नसून गोठ्यावर, गंजीवर आणि घरच्या माणसांवर आहे. आमची मंडळास विनंती आहे कीं, खत-बियाण्याबरोबर योग्य जातीची नळी व क्लिपा भांडारांत ठेवाव्या, आणि दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं एक दिवस नेमून, जाणत्या कारागिराकडून सभासदांच्या जुन्या मोटारी तपासून घ्याव्या. तोंपर्यंत प्रत्येकानें उद्यां सकाळीं आपल्या मोटारीखालीं एक कोरा कागद पसरावा. त्यावर डाग पडला तर मोटार गोठ्यापासून आणि गंजीपासून दूर उभी करावी, आणि नळी बदलल्यावांचून ती बाहेर काढूं नये.