तीन शपथा आणि एक राज्य

इस्रायल-पॅलेस्टाईनचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांमध्ये दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत असे की, दोन हजार वर्षे जगाच्या लाथा खाल्लेल्या समाजाने स्वतःचे राज्य उभे केले, तेव्हा त्यांचे कौतुकच केले पाहिजे. दुसरे मत असे की, ज्यूंचा धर्मच मुळात युद्धखोर आहे, संहार त्यांच्या ग्रंथातच लिहिलेला आहे. एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर ही दोन्ही मते एकमेकांवर आदळली आणि दोन्ही बाजूंची पोरे "वकीलसाहेब, तुम्हीच सांगा" म्हणून माझ्याकडे पाहू लागली. त्या दिवशी दहा मिनिटांत जे सांगता आले नाही ते येथे मांडतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ही दोन्ही मते अर्धवट आहेत. युद्धाने मुक्ती येते का, या प्रश्नावर ज्यू धर्मात एकमत कधीच नव्हते. तो खटला त्यांच्या रब्बींमध्ये दोन हजार वर्षे चालू आहे. विसाव्या शतकात त्यातील एका पक्षाच्या हाती राज्य, सैन्य आणि जमीन आली, आणि मग हा वाद केवळ पोथीतला राहिला नाही.

सुरुवात रोमन साम्राज्यापासून करावी लागते. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर जाळले. ज्यू परंपरा सांगते की शहराला वेढा पडलेला असताना योहानान बेन झक्काई हा धर्मपंडित बाहेर पडून रोमन सेनापतीकडे गेला आणि त्याने यावने हे गाव आणि तेथील विद्वान एवढेच मागून घेतले. मंदिर गेले तरी विद्या टिकली पाहिजे, हा त्याचा हिशेब होता. पुढे इ.स. १३२ मध्ये बार कोखबाने रोमविरुद्ध बंड पुकारले. त्या काळचा सर्वात मोठा पंडित रब्बी अकिवा याने त्यालाच मसीहा, म्हणजे तारणहार राजा ठरवले. दुसऱ्या एका रब्बीने अकिवाला तोंडावर सुनावले की, तू मरून तुझ्या गालावर गवत उगवेल, तरी मसीहा आलेला नसेल. तीन वर्षांत बंड चिरडले गेले. रोमन इतिहासकार कॅसियस डिओ मृतांचा आकडा ५ लाख ८० हजार देतो. आकड्याविषयी वाद असू शकतो, पण ज्यूडियाची राखरांगोळी झाली याविषयी वाद नाही.

या जखमेतून पुढचे धर्मशास्त्र घडले. ताल्मुद या ग्रंथात तीन शपथांची चर्चा येते. ज्यूंनी बळाच्या जोरावर एकगठ्ठा त्या भूमीवर चढून जाऊ नये, ज्यूंनी राष्ट्रांविरुद्ध बंड करू नये, आणि राष्ट्रांनी ज्यूंचा अतोनात छळ करू नये, असा त्यांचा आशय आहे. हनुका हा सण मुळात मक्काबींच्या लष्करी विजयाचा. पण ताल्मुदमध्ये भर आहे तो एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरले या चमत्कारावर. तलवारीची आठवण मागे सारून दिवा पुढे आणला गेला, हे काही अपघाताने झाले नाही.

पण याचा अर्थ त्यांच्या ग्रंथात क्रूर आज्ञा नाहीतच असा नव्हे. आहेत. कनानमधील सात जमातींना नष्ट करण्याची आज्ञा आहे, आणि अमालेक या जमातीची आठवणही पुसून टाकावी अशी आज्ञा आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. वकिली करणाऱ्या माणसाने कलम वाचावे आणि त्या कलमावर नंतरच्या न्यायाधीशांनी काय निर्बंध घातले तेही वाचावे. तोराच्या पाचव्या ग्रंथातील विसावा अध्याय सांगतो की हल्ल्याआधी शहरापुढे तहाचा प्रस्ताव ठेवावा आणि वेढ्यात फळझाडे तोडू नयेत. नवे घर बांधलेला, नवा मळा लावलेला, वाग्दत्त वधू असलेला आणि भ्यालेला माणूस, या सर्वांना तोच अध्याय युद्धातून घरी पाठवतो. मिश्ना या संहितेने 'कर्तव्याचे युद्ध' आणि 'ऐच्छिक युद्ध' असा भेद केला आणि ऐच्छिक युद्धासाठी एकाहत्तर जणांच्या न्यायपीठाची परवानगी आवश्यक ठरवली. ते न्यायपीठ तर शतकानुशतके अस्तित्वातच नाही. म्हणजे परवानगी देणारे ऑफिसच बंद! बाराव्या शतकात मायमोनिडीसने नियम घातला की शहराला तीनच बाजूंनी वेढावे, चौथी बाजू पळून जाणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. सात जमातींची ओळख आता उरलेलीच नाही, असे सांगून त्याने ते कलम निष्प्रभ केले. अमालेकलाही आधी तहाचा पर्याय द्यावा, असे त्याचे मत आहे.

असे हे कुंपण जवळजवळ अठराशे वर्षे टिकले. ते टिकण्याचे एक कारण साधे आहे : ज्यूंच्या हाती सैन्यच नव्हते. शस्त्र नसलेल्या माणसाने अहिंसेचे नियम पाळणे आणि शस्त्र हाती आल्यावर पाळणे, यात फरक असतो. खरी परीक्षा नंतर आली.

१८९७ साली थिओडोर हर्झलने बासेल येथे पहिली झायोनवादी परिषद भरवली, तेव्हा बहुतेक सनातनी रब्बी तिच्या विरोधात होते. मसीहा येईपर्यंत थांबायचे, ही त्यांची शिकवण. झायोनवादी पुढारी बहुतांशी धर्म न पाळणारे होते. या दोन टोकांना जोडणारा पूल बांधला तो रब्बी अब्राहम आयझॅक कूक यांनी. १९०४ साली ते याफा बंदरात उतरले, १९२१ साली पॅलेस्टाईनचे पहिले अश्केनाझी प्रमुख रब्बी झाले आणि १९२४ साली त्यांनी जेरुसलेममध्ये 'मर्काझ हाराव' ही धर्मशाळा काढली. त्यांचा सिद्धांत असा की, शेत नांगरणारा नास्तिक तरुणही नकळत ईश्वराचेच काम करतो आहे, राष्ट्राचे पुनरुज्जीवन हीच मुक्तीची पहाट आहे. पहिले महायुद्ध पाहून त्यांनी लिहिले की जगात मोठे युद्ध पेटते तेव्हा मसीहाची शक्ती जागी होते. पण त्याच लेखनात त्यांनी असेही मांडले की ज्यू समाज जगाच्या राजकारणातून बाहेर पडला त्यात सक्तीबरोबरच आतली इच्छाही होती, कारण क्रौर्याशिवाय राज्य चालवता येईल असा काळ त्याला हवा होता. ही दुसरी बाजू ध्यानात ठेवा. पुढे अनुयायांनी पहिली बाजू उचलली आणि दुसरी सोडून दिली.

मग नाझींनी साठ लाख ज्यूंची कत्तल केली. १९४८ साली इस्रायल स्थापन झाले आणि तेथील प्रमुख रब्बींनी राज्यासाठी जी प्रार्थना प्रसृत केली, तीत या राज्याला मुक्तीच्या पालवीचा आरंभ म्हटले गेले. तीन शपथांचे काय? धार्मिक झायोनवाद्यांचा युक्तिवाद असा : छळ न करण्याची शपथ राष्ट्रांनीच मोडली, तेव्हा आमच्यावरचे बंधनही संपले. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात परस्पर वचनांची कलमे आहेत, त्याच धर्तीचा हा मुद्दा आहे. शिवाय १९४७ साली संयुक्त राष्ट्रांनीच फाळणीचा ठराव केला, मग बंड कसले, असेही ते विचारतात. उलट सातमार पंथाचे रब्बी योएल टाइटेलबाउम यांनी आग्रहाने सांगितले की शपथा आजही लागू आहेत आणि झायोनवाद हे महापाप आहे. नाझी संहार हीसुद्धा त्याच पापाची शिक्षा, इतके टोक त्यांनी गाठले. गंमत म्हणजे १९४४ साली त्यांचा स्वतःचा जीव वाचला तो रुडॉल्फ कास्टनर या झायोनवादी कार्यकर्त्याने नाझींशी वाटाघाटी करून सोडवलेल्या रेल्वेगाडीमुळे!

निर्णायक वळण १९६७ चे. त्या वर्षी मे महिन्यात स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने थोरल्या कूकांचे पुत्र रब्बी झ्वी येहुदा कूक यांनी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. १९४७ च्या फाळणीच्या ठरावानंतर लोक रस्त्यावर नाचत असताना आपण मात्र घरात सुन्न बसून होतो, आपले हेब्रॉन कोठे, आपले नाब्लुस कोठे, असा आक्रोश त्यांनी केला. तीन आठवड्यांनी युद्ध झाले आणि सहा दिवसांत तीच गावे इस्रायलच्या ताब्यात आली. विद्यार्थ्यांना वाटले, ही भविष्यवाणीच होती. १९७४ साली याच मुशीतून 'गुश एमुनिम' ही संघटना निघाली आणि ताब्यातील मुलखात वसाहतींची चळवळ उभी राहिली. पूर्व जेरुसलेम सोडून पश्चिम किनाऱ्यावरील वसाहतवाल्यांची संख्या २०२३ पर्यंत पाच लाखांच्या आसपास गेली. ते सगळे काही धर्मासाठी गेलेले नाहीत. कित्येक जण स्वस्त घरासाठी गेले. पण माघार अशक्य करणारा विचार पुरवला तो या रब्बींनी.

येथे खरी मेख आहे. सीमा हा वाटाघाटीचा विषय असतो. दोन पक्षकार बसतात, थोडे सोडतात, थोडे घेतात. पण जमिनीचा तुकडा हा मुक्तीचा टप्पा ठरला की त्यावर तडजोड म्हणजे ईश्वराशी बेइमानी. मग समोर पिढ्यान् पिढ्या राहणारा पॅलेस्टिनी शेतकरी हा पक्षकारच उरत नाही. तो ईश्वरी योजनेतील अडथळा ठरतो. त्याचा सातबारा कोण विचारतो?

आणि ही आग घरातही शिरते. ऑस्लो करारानंतर काही रब्बींमध्ये अशी चर्चा सुरू झाली की जमीन सोडणाऱ्या पंतप्रधानांना 'दिन रोदेफ' लागू होतो का. कोणी दुसऱ्याला ठार मारण्यासाठी पाठलाग करत असेल तर त्याला रोखण्यासाठी मारताही येते, असा हा ताल्मुदचा नियम. आपल्याकडे दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा जो हक्क आहे, त्याच जातीचा. दोन्हीकडे मर्यादाही एकच : गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी यित्झाक राबिन यांच्यावर गोळ्या झाडणारा यिगाल अमीर कायद्याचा विद्यार्थी होता. त्याने या कलमाचा आधार घेतला आणि मर्यादा सोडून दिली. न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली.

मग त्या समाजात विरोध करणारे कोणी नव्हते काय? होते, आणि तेही दाढी राखणारे, शब्बाथ पाळणारे लोक होते. १९५३ साली एका ज्यू आईचा आणि तिच्या दोन मुलांचा खून झाल्यावर इस्रायली सैनिकांनी किबिया गावात सूड उगवला. त्यात साठहून अधिक माणसे मेली. तेव्हा येशायाहू लायबोविट्झ या कर्मठ ज्यू शास्त्रज्ञाने लिहिले की राज्याला आणि भूमीला पवित्र ठरवले की अशी कृत्येही पवित्र ठरू लागतात. १९६७ नंतर विजयाच्या धुंदीतही, हा ताबा सोडा नाहीतर तो आपल्यालाच सडवील, असे ते सांगत राहिले. बगदादमध्ये जन्मलेले सेफार्दी प्रमुख रब्बी ओवादिया योसेफ यांनी १९७९ साली मांडले की प्राण वाचवणे ही जमिनीपेक्षा मोठी आज्ञा आहे. उपवासाच्या दिवशी आजाऱ्याने खावे की नाही हे जसे डॉक्टर ठरवतो, तसे माघारीने जीव वाचतील का हे जाणकारांना विचारावे. पुढे त्यांनीच ही भूमिका बरीच आवरती घेतली, हेही नमूद करतो. आणि येहुदा अमिताल. त्यांचे कुटुंब आउश्विट्झमध्ये मारले गेले. १९७३ च्या युद्धात त्यांचे आठ विद्यार्थी पडले, तेव्हा त्यांनीही युद्धात मुक्तीच्या खुणा पाहिल्या. पण १९८२ च्या लेबनॉन युद्धात साब्रा-शातिलाचे हत्याकांड झाल्यावर त्यांनी चौकशीची मागणी केली, स्वतःचे मत बदलले आणि १९८८ साली 'मेमाद' हा तडजोडवादी धार्मिक पक्ष काढला. रब्बीने जाहीरपणे मत बदलणे ही लहान गोष्ट नाही.

पुनरुज्जीवन कोणाचे, हा प्रश्न तर आपल्या कोकणातल्या माणसांनीही तेथे विचारलेला आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले जाणारे आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल मोठ्या आशेने तिकडे गेले. विखुरलेल्यांना एकत्र आणणे हा मुक्तीचाच भाग मानला जातो. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील रब्बी धर्मपीठाने लग्नाआधी त्यांच्या कुळाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. तुम्ही पुरे ज्यू आहात का, हा सवाल! लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १९६४ साली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठाला फर्मान बदलावे लागले. कुळ विचारणारी धर्मसत्ता कशी असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. तो नृशंस अपराध होता. त्यानंतर २८ ऑक्टोबरला पंतप्रधान नेतान्याहू यांनी अमालेकची आठवण काढली. उल्लेख हमासपुरता होता, असा खुलासा त्यांच्या कार्यालयाने नंतर केला. पण जे कलम मायमोनिडीसने कुंपणात ठेवले होते ते युद्धाच्या व्यासपीठावर आले. गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार जुलै २०२५ पर्यंत मृत पॅलेस्टिनींचा आकडा साठ हजारांवर गेला. दक्षिण आफ्रिकेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो दावा लावला, त्यात हे अमालेकचे वाक्य पुरावा म्हणून दाखल झाले. २६ जानेवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने इस्रायलला सांगितले की वंशसंहाराची चिथावणी रोखा आणि ती देणाऱ्यांना शिक्षा करा. हा अंतिम निकाल नव्हता. पण त्या आदेशातील या कलमाच्या बाजूने इस्रायलने स्वतः नेमलेले न्यायाधीश अहारोन बराक यांनीही मत दिले. बराक लहानपणी कोवनोच्या ज्यू वस्तीत नाझींच्या तावडीतून वाचलेले आहेत. चिथावणीचे शब्द पुढे कोठे नेतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

म्हणून विहारातल्या त्या दोन्ही बाजूंच्या तरुणांना माझे उत्तर असे. राज्य मिळवले एवढ्यावर कोणाला आदर्श मानू नका. त्या राज्यात आणि त्याच्या ताब्यातील मुलखात सर्वात दुबळ्या माणसाला काय वागणूक मिळते ते विचारा. आणि ज्यूंचा धर्मच तसा आहे, असेही म्हणू नका. त्याच ग्रंथातून अमीरने बंदुकीचा आधार शोधला आणि त्याच ग्रंथातून लायबोविट्झने ताबा सोडण्याचा. पुढच्या वेळी चर्चा होईल तेव्हा 'ज्यू असे म्हणतात' हे वाक्य वापरू नका. कोणता रब्बी, कोणते कलम, आणि त्याचा भार कोणाच्या जमिनीवर पडला, हे तीन प्रश्न आधी विचारा.