पिंजऱ्यांतील दांडगा उंदीर

सुप्यास औद्योगिक वसाहत झाल्यापासून परगांवचीं कुटुंबें नोकरीनिमित्त येथें राहावयास येऊं लागलीं आणि वर्गांत नवे चेहरे दिसूं लागले. नव्या मुलाच्या बोलीची नक्कल करून त्यास रडविणें याला कित्येक विद्यार्थी गंमत म्हणतात. आणि ‘सोसल्यानें पोर घट्ट होतें’ असें म्हणणारे पालकही आहेत. ही समजूत आमच्या मतें खोटी आहे.

अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठांत जॉन शेरिडन व जोनाथन गॉडबाउट यांच्या प्रयोगशाळांत पुढील प्रयोग झाले. गुण्यागोविंदानें राहणाऱ्या लहान उंदरांच्या पिंजऱ्यांत एक दांडगा नर रोज दोन तास, असा सहा दिवस सोडीत. त्या छळानें लहान उंदरांच्या अस्थिमज्जेंतून विशिष्ट पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येनें निघून मेंदूंत, आणि तेंही भीतीशीं संबंध असलेल्या भागांत, पोंचल्या. मेंदूच्या स्वतःच्या पहारेकरी पेशीही चेतल्या. जंतु शिरले असतां व्हावी तशी दाहाची क्रिया सुरू झाली. मग ते उंदीर उजेडांत येईनात. परंतु ज्या उंदरांत त्या दाहाचा एक मुख्य निरोप घेण्याची सोयच जन्मतः नव्हती, त्यांस तोच छळ होऊनही तशी धास्ती बसली नाहीं, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां भित्रेपणा म्हणून ज्यास आपण हिणवितों, तें पुष्कळ अंशीं शरीराचें दुखणें असूं शकेल.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट २०१४ सालची. चोवीस दिवसांनीं उंदरांची धास्ती गेलेली दिसली; पण दांडग्याशीं पुन्हा एकदांच गांठ पडतांच ती परत आली. पाणथरींत सांठून राहिलेल्या पेशी पुन्हा मेंदूकडे धांवल्या होत्या. पाणथरी काढलेल्या उंदरांत तसें झालें नाहीं. महिन्यापूर्वीं छळलेला मुलगा आज एका शब्दानें कां दचकतो, याची थोडी कल्पना यावरून यावी.

उंदीर म्हणजे मूल नव्हे, हें आम्ही जाणतों. मुलाला बोलतां येतें, त्याला आई असते, मित्र मिळूं शकतो. उंदराला त्या पिंजऱ्यांतून वाट नव्हती. पण ज्याच्याशीं कोणी बोलतच नाहीं, त्या नव्या मुलाला तरी ती कोठें असते?

महाराष्ट्रांत १९९९ सालीं रॅगिंगविरुद्ध कायदा झाला. वसतिगृहेंही त्यांत येतात. तथापि कायदा जागा होतो तो तक्रार झाल्यावर, आणि लहान मुलें तक्रार करीत नाहींत. वर्गशिक्षकांनीं नव्या मुलाशेजारीं पहिला महिनाभर एखादा समजूतदार सोबती बसवावा, आणि मधल्या सुटींत पाण्याच्या टाकीजवळ कोण कोणाची वाट अडवून उभा आहे, इकडेही एक नजर टाकावी.