डोंगल चालत नाही म्हणून हक्कही संपला का?

संगणक बदलला की जुनं सॉफ्टवेअर टाकून द्यायचं, हा नियम कुणी केला? विकणाऱ्याने. आणि आपण तो मुकाट्याने मानला. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात या मुकाटपणाचे पैसे मोजावे लागतात, तरी त्यावर कुणी बोलत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, सगळीकडे भट्ट्या आहेत. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की ते सगळीकडे एकाच वेळी गोठत नाही. जिथे सर्वांत शेवटी गोठतं तिथे पोकळी राहण्याची भीती असते. ती पोकळी मशीनिंगच्या वेळी उघडी पडते आणि जॉब रिजेक्ट होतो. ही जागा ओतण्याआधीच पडद्यावर दाखवतं ते कास्टिंग सिम्युलेशन. रायझर कुठे आणि केवढा लावायचा, हे त्यावरून ठरवता येतं. पण सॉफ्टवेअर आणलं आणि उत्तर मिळालं, असं होत नाही. आपली वाळू, आपलं लोखंड, ओतण्याचं आपलं तापमान यांचे आकडे घालत, पडताळत, दुरुस्त करत काही वर्षांनी ते त्या फाउंड्रीचं होतं. कारागिरांची ती सारी कमाई जुन्या फायलींत असते.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका छोट्या फाउंड्रीत मेथडिंग बघतो. तिथला जुना संगणक बंद पडला. सॉफ्टवेअरची सीडी आहे, बिल आहे, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं डोंगलही शाबूत आहे. नव्या संगणकाला ते पोर्टच नाही. विक्रेता म्हणाला, नवीन आवृत्ती घ्या. म्हणजे पुन्हा लाखांत खर्च, आणि जुन्या फायली उघडतील याची हमी नाही ती नाहीच.

उर्दू टायपिंग करणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. आपल्या किती अंजुमनांचे, मासिकांचे मजकूर इनपेजच्या जुन्या फायलींत पडून आहेत! ते युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर शोधत फिरावं लागतं. तरी मजकूर पुन्हा टाइप करता येतो. वीस वर्षांचे भट्टीचे आकडे कुठून आणणार?

तांत्रिक अडचण खरी आहे. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि ३२-बिट काळातले डोंगलचे ड्रायव्हरही चालत नाहीत. पण वाटा आहेत. १९९०च्या दशकातलं टर्बो सी++ आपली मुलं आजही डॉसबॉक्समध्ये चालवतातच ना? विंडोज एक्सपीच्या काळातला प्रोग्रॅम व्हर्च्युअलबॉक्समध्ये, संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करून, चालवता येतो. एक्सपीची सुरक्षा २०१४ सालीच थांबली, हा आक्षेप बरोबर आहे. मग त्या आतल्या संगणकाला इंटरनेट देऊ नका. साचा तपासायला इंटरनेट कशाला हवं?

खरा अडथळा डोंगलचा. जुन्या पोर्टचं कार्ड नव्या संगणकात बसवता येतं, पण प्रत्येक डोंगल त्यावर चालेलच असं नाही. यूएसबीची प्रिंटर केबल तर या कामी बहुधा निरुपयोगी. कुलूप काढलं तर तुरुंगात जाल, अशी भीती मग घातली जाते. कायदा वाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, तो ज्या कामासाठी ती घेतली त्या कामासाठी प्रत किंवा फेरबदल करू शकतो. २०१२ साली आलेलं कलम ६५अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्कभंगाच्या इराद्याने तोडलं तर. कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या हेतूला त्यात सूट आहे. दुसऱ्याला मदत करणाऱ्याने मात्र त्याचं नाव, पत्ता आणि हेतू यांची नोंद ठेवायची आहे. ठेवा की नोंद! चोरून क्रॅक वापरणारा आणि बिल दाखवणारा, दोघांना एकाच तराजूत तोलणं हीच लबाडी आहे. क्रॅकची बाजू मी घेत नाही. पैसे मोजलेल्या माणसाला चोरांच्या रांगेत का उभं करता, एवढंच विचारतो.

"जुनं ते जुनंच" म्हणणाऱ्यांनी स्पाइसकडे पाहावं. सर्किट तपासणारा हा प्रोग्रॅम १९७३ साली कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात आला. त्याचा कोड खुला राहिला, सर्किट साध्या मजकुरात लिहिलेलं असे. म्हणून त्याचाच वंशज एनजीस्पाइस आज चालतो, आणि त्याच्या आधारावर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ई-सिम बांधलं, तेही मोफत. पन्नास वर्षं टिकलं, कारण त्याला कुलूप नव्हतं.

म्हणून कारखानदारांच्या संघटनांनी पुढची खरेदी करतानाच करारात दोन अटी घालाव्यात. विक्री किंवा सेवा बंद केली तर कंपनीने कुलूप काढून द्यायचं, आणि भरलेले आकडे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता आले पाहिजेत. अट मान्य नसेल तर ऑर्डर देऊ नये. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांनी जुन्या सीडी भंगारात घालण्याआधी त्यांची प्रत काढून ठेवावी, लायसन्सच्या कागदासह.