‘मूळ’ गाडी म्हणजे नेमकी कोणती? ब्रिटिश मोटारी आणि घरामागच्या गॅरेजांचा इतिहास

१/ जुनी ब्रिटिश मोटार घरच्या गॅरेजात सुटी करून पुन्हा जोडणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एकाच्या मते गाडी कारखान्यातून निघाली तशीच उभी राहिली पाहिजे. दुसरा इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स बदलायला कचरत नाही. पहिला इतिहासाचा रक्षक आणि दुसरा इतिहासाचा अपराधी, असा सर्वसाधारण समज आहे. ब्रिटिश मोटारींचा इतिहास या समजाला फारसा आधार देत नाही. #थ्रेड

२/ आरंभ ऑस्टिन सेव्हनपासून करावा लागतो. १९२२ साली आलेली ही चिमुकली गाडी १९३९ पर्यंत बनत राहिली. तिचे इंजिन बहुतांश काळ अवघे ७४७ सीसीचे होते. इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची साधी, हलकी चॅसी आणि तिच्यावर बसवलेली स्वतंत्र बॉडी, अशी तिची रचना. बॉडी उतरवली तरी खालचा सांगाडा स्वतःच्या बळावर चालू शके. पुढच्या साऱ्या कहाणीचे बीज या एका गोष्टीत आहे.

३/ दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला परकीय चलनाची निकड होती, त्यामुळे नव्या गाड्यांचा मोठा वाटा निर्यातीकडे जाई. हौस असलेल्या पण खिसा रिकामा असलेल्या तरुणाच्या आवाक्यात उरे ती जुनी ऑस्टिन सेव्हन. तिची जीर्ण बॉडी काढायची, ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून नवी चढवायची, इंजिनातून थोडी अधिक ताकद काढायची. अशा गाडीला ‘स्पेशल’ म्हणत. १९३९ साली स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबने युद्धोत्तर काळात अशा गाड्यांच्या शर्यतींना नियमबद्ध रूप दिले.

४/ १९४८ साली लंडनमध्ये कॉलिन चॅपमन या तरुणाने मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजात अशीच एक जुनी ऑस्टिन सेव्हन नव्याने घडवली. लोटस या नाममुद्रेचा उगम तिथला. न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅकलॅरेननेही शर्यतीचे पहिले धडे ऑस्टिन सेव्हनवरच गिरवले. फॉर्म्युला वनच्या दोन विख्यात संघांची मुळे अशी घरगुती फेरफारात आहेत.

५/ याहून बोलके उदाहरण ॲलेक इसिगोनिस यांचे. १९३० च्या दशकात त्यांनी जॉर्ज डाउसन या मित्रासह ‘लाइटवेट स्पेशल’ नावाची शर्यतीची गाडी फावल्या वेळात, हातांनी घडवली. इंजिन अर्थातच ऑस्टिन सेव्हनचे. तिच्या सस्पेन्शनमध्ये त्यांनी रबराचा वापर केला. १९५९ साली त्यांनीच रचलेली मिनी बाजारात आली, तेव्हा तिच्या चाकांवरही पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू होते.

६/ पुढे या छंदाला करव्यवस्थेनेही हातभार लावला. १९४० पासून ब्रिटनमध्ये खरेदी कर लागू होता. तयार मोटारीवर तो भरावा लागे. ग्राहकाने सुट्या भागांचा संच घेऊन गाडी घरी जोडली, तर तो वाचे. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन या सवलतीमुळेच अनेकांच्या आवाक्यात आली. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि ही वाट बंद झाली. सेव्हन मात्र टिकली. तिचे हक्क केटरहॅमने घेतले आणि तिचा वंश आजही चालू आहे.

७/ इथे एक प्रश्न उभा राहतो. घरी जोडलेल्या लोटस सेव्हनची ‘कारखान्यातली मूळ अवस्था’ कोणती? पेटीतले सुटे भाग? एखाद्या लिपिकाने किंवा शिक्षकाने सुटीच्या दिवशी आवळलेले नटबोल्ट? या गाडीचा निर्माता आणि मालक यांच्यात रेघ ओढणेच अवघड आहे.

८/ कारखान्याचे ‘मूळ’ही दिसते तितके शुद्ध नसते. १९४५ ते १९४९ दरम्यानच्या एमजी टीसीचे इंजिन उघडणारा चकित होतो, कारण बोल्टची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची आणि आटे मात्र मेट्रिक. कारण असे की, मॉरिस यांनी १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कोव्हेंट्री येथील इंजिन कारखाना विकत घेतला, आणि तिथल्या यंत्रांचे फ्रेंच आटे पुढील कित्येक वर्षे ब्रिटिश इंजिनांत उतरत राहिले. म्हणजे खुद्द कारखान्यातही हाताशी होते त्यावरच भागवले जात होते.

९/ एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० या काळात बनली. तिला स्वतंत्र चॅसी नाही. संपूर्ण बॉडी हाच सांगाडा. दाराखालची सिल ही पोकळ पेटी भार पेलते आणि नेमकी तीच आतून गंजते. उघड्या एमजीबीची सिल कापण्यापूर्वी बॉडीला आतून आधाराचे दांडे द्यावे लागतात, अन्यथा गाडी मधोमध वाकते आणि दारे बसत नाहीत. गंजावर नुसता नवा पत्रा डकवणारी ‘मूळ स्वरूपातील’ गाडी दिसायला सुरेख, पण आतून पोखरलेली असते.

१०/ या एमजीबीत १९७० च्या सुमारास केन कॉस्टेलो यांनी रोव्हरचे साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन बसवून गाड्या विकायला आरंभ केला. ते ॲल्युमिनियमचे असल्याने ताकद वाढूनही वजन फारसे वाढले नाही. १९७३ साली एमजीने स्वतःच व्ही-८ इंजिनाची एमजीबी जीटी बाजारात आणली. आधी बाहेरचा फेरफार, नंतर कारखान्याची अधिकृत आवृत्ती, असा हा उलटा क्रम.

११/ १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या साच्यांवरून एमजीबीची नवी कोरी बॉडी बनवायला सुरुवात केली. उद्देश जीर्णोद्धाराचा होता. पण १९९० च्या दशकात याच बॉडीच्या आधारे एमजी आरव्ही-८ ही नवी गाडी जन्मली. जुने जपण्यासाठी घडवलेल्या सांगाड्यातून नवे मॉडेल निघाले.

१२/ अर्थात मूळ रूपाच्या आग्रहामागे विचार आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तुवारशासाठी जी तत्त्वे मांडली, त्यांना अनुसरून ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ट्युरिन सनद स्वीकारली. हात न लागलेली दुर्मीळ गाडी हे अस्सल दस्तऐवजासारखे साधन असते. तिचा रंग, तिची शिवण, तिचे ओरखडेही पुरावा असतात. अशी गाडी कापणे म्हणजे ताम्रपट वितळवणे.

१३/ पण आग्रहाची दुसरी बाजूही पाहावी. १९५० च्या दशकातील स्पेशलांसाठी अनेक धडधाकट ऑस्टिन सेव्हन मोडल्या गेल्या, हे खरे. पुढे त्यांतील काही स्पेशल ‘मूळ रूपात’ आणण्यासाठी पुन्हा मोडल्या गेल्या. एखाद्या अनाम कारागिराने टंचाईच्या काळात ठोकलेली बॉडी भंगारात गेली आणि तिच्या जागी १९३० सालाची नवी प्रतिकृती आली. यात इतिहास वाचला की दुसऱ्यांदा पुसला गेला?

१४/ ब्रिटिश वाहन नोंदणी यंत्रणेने जुन्या गाडीची ओळख ठरवण्यासाठी दीर्घकाळ गुणपद्धती वापरली. चॅसी किंवा बॉडीच्या सांगाड्याला ५ गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, ट्रान्समिशन, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. इंजिनाला केवळ १. मूळ नोंदणी क्रमांक राखण्यासाठी किमान ८ गुण लागत. ज्या इंजिनावरून पंथ भांडतात, त्याला कायद्याने सर्वांत कमी वजन दिले, हे लक्षणीय आहे.

१५/ म्हणून वादाचा रोख बदलायला हवा. ‘बदल केला की नाही’ यापेक्षा ‘बदलाची नोंद ठेवली की नाही’ हा प्रश्न अधिक ऐतिहासिक आहे. काढलेला भाग जपून ठेवणे, कापण्यापूर्वी छायाचित्रे घेणे, कोणता भाग कधी व का बदलला हे वहीत लिहिणे, आणि शक्य तिथे परत फिरता येईल असाच फेरफार करणे, एवढे पाळले तर गाडीत बदल करणारा मालक तिच्या बखरीत एक पान जोडतो. नोंद न ठेवणारा, मग तो शुद्धतावादी का असेना, एक पान फाडतो.

१६/ कारखान्यात गाडी काही दिवस असते, मालकांच्या हाती अनेक दशके. त्या दशकांना अशुद्ध ठरवून वगळणारा इतिहास अपुराच राहणार. ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर पत्रा ठोकणाऱ्या त्या तरुणांना कोणी ‘मूळ रूप जपा’ म्हणून थोपवले असते, तर जपण्याजोग्या कित्येक ब्रिटिश गाड्या जन्मालाच आल्या नसत्या. (समाप्त)