वेंगुर्ल्याच्या गुहेतील पाकोळी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. सानगडीच्या माणसाला पाण्याचे अप्रूप नसते. समुद्राचे मात्र असते, कारण तो येथून फार दूर आहे. कोकणचा बेत ठरला की गणपतीपुळे, मालवण, सिंधुदुर्ग किल्ला ही नावे ओघानेच येतात. त्यांच्याही दक्षिणेस, वेंगुर्ले आणि निवतीच्या समोर, भर समुद्रात खडकांचा एक समूह आहे. त्याला ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हणतात. तेथे एक दीपगृह आहे, आणि तेथील ‘बर्न्ट आयलंड’ या बेटाच्या पोटात लाटांनी कोरलेली गुहा आहे.

वेंगुर्ले हे नाव व्यापारी घराण्यांना परके वाटू नये. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली होती. तिचे भग्नावशेष आजही गावात उभे आहेत. त्या वखारीच्या मालाचा हिशेब इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे. समोरच्या गुहेतून निघणाऱ्या मालाचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही, आणि तो मांडण्यासारखा आहे.

या गुहेत भारतीय पाकोळी हा पक्षी वसाहत करून राहतो. विदर्भातील जुन्या वाड्यांच्या आणि मंदिरांच्या छताला घरटी चिकटवणाऱ्या पाकोळीचा हा जवळचा नातलग. लांबी जेमतेम बारा सेंटिमीटर, रंग धुरकट तपकिरी. त्याचे पाय इतके आखूड की फांदीवर किंवा तारेवर तो बसू शकत नाही. खडकाला केवळ लोंबकळतो. गुहेच्या गडद अंधारात तो ‘टक-टक’ असा आवाज काढतो आणि प्रतिध्वनीवरून भिंत कोठे आहे ते ओळखतो. वटवाघळाची ही विद्या पक्ष्यांमध्ये फारच थोड्यांना अवगत आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी नर-मादी स्वतःच्या लाळेने, थोडे शेवाळ आणि पिसे मिसळून, खडकाला अर्ध्या वाटीच्या आकाराचे घरटे चिकटवतात. त्यात दोन पांढरी अंडी असतात.

संकटाचे मूळ ही लाळच आहे. चीन, हाँगकाँग आदी ठिकाणी पाकोळीच्या घरट्याचे सूप शतकानुशतके श्रीमंतांचे पक्वान्न मानले गेले आहे. वजनाला नगण्य, किमतीला भारी, टिकाऊ आणि लपवण्यास सोपा असा हा माल आहे. व्यापाराची जाण असलेल्या वाचकाला पुढचे सांगावे लागू नये. घरटे अंडी पडण्यापूर्वी काढले तर पक्षी पुन्हा लाळ गाळून दुसरे बांधतो. तेही काढले तर हंगाम वाया जातो. अंडी किंवा पिल्ले असताना काढले तर पिढीच बुडते. व्याज सोडून मुद्दलच उचलण्याचा हा व्यवहार आहे.

पक्षिशास्त्रज्ञांना ही गुहा फार पूर्वीपासून ठाऊक होती. हुमायून अब्दुलअली यांनी 1940च्या दशकाच्या आरंभी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वेंगुर्ल्याच्या सुरय आणि पाकोळ्यांवर लेख लिहिला. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरटी आणि अंडी यांना हात लावणे हीदेखील शिकारच ठरवली. तरीही तस्करी थांबली नाही, कारण भर समुद्रात पहारा ठेवणार कोण? या शतकाच्या प्रारंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने संरक्षणाचे काम हाती घेतले. (याच पाकोळीसाठी किनारा धुंडाळताना 2002 साली वेळास येथे तिच्या कार्यकर्त्यांना पळवलेल्या कासवाच्या अंड्यांच्या खुणा सापडल्या, आणि वेळासचे प्रसिद्ध कासव-संवर्धन तेथून सुरू झाले.)

अंदमानातील प्रयोग अधिक विचार करायला लावणारा आहे. तेथे सलीम अली पक्षिविज्ञान केंद्राचे डॉ. रवी शंकरन यांनी वनखात्याच्या सहकार्याने पूर्वीच्या घरटे-चोरांनाच गुहांचे राखणदार नेमले. त्यांचे म्हणणे असे, की पिल्ले उडून गेल्यावर रिकामे घरटे काढून विकण्याची मुभा स्थानिकांना द्यावी. पोट भरले तरच राखण टिकेल. 2009 साली त्यांचे अकाली निधन झाले. अहिंसेला धरून व्यापार करणाऱ्या समाजाने या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. रिकाम्या घरट्यात हिंसा नाही हे खरे. पण बाजार एकदा उघडला की रिकामे कोणते आणि रिकामे केलेले कोणते, हे वजनकाट्यावर कळत नाही. इंडोनेशिया, मलेशियात आता ध्वनिमुद्रित आवाज लावून सिमेंटच्या इमारतींत पाकोळ्या वसवल्या जातात. तरीही गुहांवरील दाब संपलेला नाही.

निवतीच्या बाजूने नौकेतून फेरी करणाऱ्यांची संख्या यापुढे वाढेल. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीनजीक समुद्रतळी ठेवून पर्यटन उभारण्याची योजना शासनाने हाती घेतली आहे. जाणाऱ्यांनी सकाळची वेळ धरावी. दुपारनंतर वारा वाढतो आणि लहान नौका फार हलते. जीवरक्षक जॅकेट लहान-थोर सर्वांनी घालावे. फराळाचा डबा बरोबर असावा, म्हणजे सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची चिंता राहत नाही. पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात. त्याच काळात चातुर्मास लागत असल्याने जैन कुटुंबांची त्याबद्दल तक्रार नसावी. गुहा दिसली तरी नावाड्याला आत नेण्याचा आग्रह करू नये आणि अधिक पैशांचे आमिष तर मुळीच दाखवू नये. इंजिन मंद करून, ध्वनिक्षेपक बंद ठेवून, बाहेरूनच पाहावे. मार्च-एप्रिलमध्ये त्या काळोखात घरटी असतात, आणि घाबरून उडालेल्या पक्ष्याच्या धक्क्याने अंडे खाली लाटेत पडू शकते.