अंथरण्यास अनुदान, उचलण्यास का नाही?

प्लास्टिक आच्छादनासाठी एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून मान्य खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळते. ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ठिबक संचासाठी ५५ टक्के साहाय्य आहे. म्हणजे शेतात प्लास्टिक आणण्याच्या खर्चात समाज आधीच भागीदार आहे. ते बाहेर काढताना मात्र शेतकरी एकटा उरतो.

हा भार लहान नाही. २५ मायक्रॉन जाडीचा मल्चिंग पेपर निम्म्या क्षेत्रावर अंथरला, तरी हेक्टरी सुमारे ११५ किलो पॉलिथिन होते. हंगामाअखेर ते उन्हाने ठिसूळ झालेले, मातीने व मुळांनी माखलेले असते. गोळा करण्यास मजुरी पडते. आणि ठिबकच्या जुन्या नळ्या आनंदाने नेणारा भंगारवाला त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मग ते बांधावर जळते, किंवा नांगराखाली तुकडे होऊन जमिनीतच राहते. एकदा मातीत मिसळलेले हे तुकडे पुन्हा वेचणे जवळपास अशक्य असते. उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे वेष्टनांसाठी आहेत. आच्छादन हे वेष्टन नव्हे.

नागरिकांनी यासाठी पैसे का द्यावेत? कोलार, मदनपल्ली, नारायणगावचा टोमॅटो शहरांना जवळजवळ वर्षभर मिळतो, त्यात या कागदाचाही वाटा आहे. बाजारभाव शेतकऱ्याच्या हाती नसल्याने विल्हेवाटीचा खर्च तो ग्राहकाकडे सरकवू शकत नाही. आयर्लंडमध्ये चाऱ्यावरील प्लास्टिकचे संकलन उत्पादक कंपन्यांचे शुल्क आणि शेतकऱ्यांनी वजनानुसार भरलेली रक्कम यांवर चालते. आपल्याकडे दोन एकरवाल्याकडून असे शुल्क मागितले, तर त्याला काडेपेटीच स्वस्त पडेल. येथे उलट व्हावे : परत केलेल्या प्रत्येक किलोमागे शेतकऱ्यालाच मोबदला मिळावा.

भाजीवर उपकर मात्र नको. तो गरिबाच्या ताटावर बसेल. सार्वजनिक तिजोरीतून आणि उत्पादक कंपन्यांकडून हा निधी उभा राहावा. नवा निधी म्हटला की करदाता साशंक होतो, आणि ती शंका निराधार नाही. म्हणूनच पैसा कार्यालयांना न देता वजनकाट्याशी जोडावा : बाजार समितीच्या आवारात किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात झटकलेला, सुका कागद तोलला जावा आणि रक्कम थेट खात्यात जमा व्हावी. टोमॅटो व मिरचीच्या दोन-चार पट्ट्यांत येत्या हंगामापासून हे करून पाहता येईल. माल घेऊन येणारी वाहने बाजारात रोज येतच आहेत.