सल्ल्याआधी घर समजून घ्यावे

दिवाळी सरली की सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी या तालुक्यांतल्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, लहान लेकरे सोबत, म्हातारी माणसे मागे. अशाच एखाद्या जोडप्याच्या समुपदेशनाच्या फायलीत मात्र पुढची तारीख डिसेंबरची पडलेली असते. त्या दिवशी कोणी आले नाही की ‘गैरहजर’ असा शेरा बसतो. दोन-तीनदा तसे झाले की फाईल बंद होते आणि या घराला मदतच नको होती, असा अर्थ लावला जातो. ते घर त्या वेळी कुठल्या तरी फडात कोपीवर असते आणि उन्हाळा लागेपर्यंत परतणार नसते. आपल्या जिल्ह्यातल्या माणसांचे वर्ष कसे सरकते हेच ठाऊक नसेल, तर सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी घरापर्यंत जात नाही.

हिंगोली जिल्हा लहान. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास. पण एवढ्याशा मुलखात घरे किती तऱ्हांची आहेत! नर्सी नामदेवच्या पंचक्रोशीतली वारकरी घरे, गावोगावची बौद्ध वस्ती, बंजारा तांडे, कळमनुरी-औंढ्याकडची आंध आदिवासी गावे, हटकर-धनगरांची, मराठ्यांची शेतकरी घरे, वसमत-हिंगोलीतले दखनी बोलणारे मुस्लिम मोहल्ले. सेवाही कागदावर कमी नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. आत्महत्याग्रस्त मराठवाडा-विदर्भासाठी आरोग्य विभागाने सुरू केलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प आहे, ज्यात आशाताई घरोघर जाऊन खचलेली माणसे हेरतात. मुंबई पोलिसांच्या साथीने टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आता राज्यभर पोहोचला आहे. बाल संरक्षण कक्ष, संरक्षण अधिकारी, बाल कल्याण समिती ही यंत्रणाही आहे. प्रश्न असा की या सगळ्यांच्या मनात ‘कुटुंब’ म्हणून जे चित्र असते, ते यांतल्या कोणत्या घराशी जुळते?

आई, वडील, दोन मुले, घरात एक बंद होणारी खोली आणि आपल्या मनात काय चालले आहे ते तासाभरात अनोळखी माणसाला सांगण्याची सवय, एवढे सगळे गृहीत धरून समुपदेशनाची पुस्तके लिहिलेली असतात. इथे यांतले क्वचितच काही आढळते. शिवाय समोरचे घरही समुपदेशकाला पारखत असते. मराठवाड्यात नव्या माणसाला पहिला प्रश्न गावाचा आणि आडनावाचा. त्या उत्तरावर पुढे किती बोलायचे हे ठरते. आरक्षणाच्या आंदोलनांनी गेल्या काही वर्षांत गावागावांत जो ताण आला आहे, त्यात तर आडनाव ऐकूनच तोंडे मिटतात. मेलानी टर्वालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडले, की दुसऱ्याची संस्कृती एकदा शिकून पारंगत होता येत नाही. आपण कोठून आलो आणि आपल्या हाती किती सत्ता आहे, हे कार्यकर्त्याने स्वतःलाच सतत विचारत राहावे लागते. हे हिंगोलीच्या कार्यकर्त्याला परके वाटू नये. सरकारी ओळखपत्र गळ्यात घालून तांड्यावर पाऊल ठेवणारा माणूस तिथे आधी सरकार असतो, मग समुपदेशक.

थोडी जवळून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे आत्महत्येनंतरचे घर. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेव म्हणून. ती मिळण्यासाठी नापिकी, कर्जाची परतफेड न होणे, वसुलीचा तगादा यांपैकी काही तरी सिद्ध व्हावे लागते. तलाठी येतो, पोलीस पंचनामा करतात, प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. दिवसही घातलेले नसतात तेव्हापासून घराला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: सोयाबीन गेले, बँकेचे थकले, म्हणून त्याने केले. ते खोटे असते असे नाही. पण बहुधा ते पुरते नसते. दारू असेल, भावकीतला बांधाचा वाद असेल, कमरेचे जुने दुखणे असेल, मुलीचे मोडलेले लग्न असेल. हे सगळे घर गिळून टाकते, कारण ते तोंडातून निघाले तर एक लाख जातील ही धास्ती. महिन्याभराने समुपदेशक येतो आणि त्यालाही तीच पाठ झालेली हकिकत ऐकू येते. मग तोही कर्जावरच सल्ला देऊन जातो. विधवेच्या उरात जे आहे, म्हणजे त्या रात्री आपण त्याला काय बोललो, दीर आता जमीन नावावर करू देईल का, सासू आपल्यालाच बोल लावते आहे, ते तसेच राहते.

म्हणून या भेटीत पहिली दहा मिनिटे सल्ल्याची नसतातच. इथे सांगितलेले तहसीलच्या फायलीत जाणार नाही, हे समुपदेशकाने स्पष्ट, पुन्हा पुन्हा आणि शक्य तर घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर सांगावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तो हक्क ओसरीवर बसून उच्चारला गेला पाहिजे.

आणि ओसरी प्रत्येक घराची वेगळी. मुस्लिम घरातली विधवा इद्दतीत असेल तर चार महिने दहा दिवस ती सहसा घराबाहेर पडणार नाही. तिला रुग्णालयातली तारीख देणे म्हणजे नकारच देणे. तिच्याकडे जावे लागेल, आणि जमल्यास बाईने जावे लागेल. बौद्ध घरात ‘देवाचं नाव घ्या, मन शांत होईल’ हा सहज दिलेला धीर १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर कोणत्या कानांवर पडतो याचा विचार न करता दिलेला असतो; त्या घराला बळ वंदनेतून, विहारातल्या आयाबायांतून, मुलाच्या शिक्षणातून मिळत असते. नर्सीच्या बाजूच्या वारकरी घरात मात्र उलट. तिथे दारू सोडवायची तर माळ घालण्याइतका ठोस उपाय गावाला दुसरा माहीत नाही. माळकरी झालेल्या माणसाला गुत्त्यावर जाताना सगळा गाव पाहतो, भजनाची मंडळी रात्री त्याला घरातून बोलावून नेतात. व्यसनमुक्तीच्या औषधांसोबत हा आधार वापरायला कोणत्या शास्त्राचा विरोध असेल?

आंध कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. ती मराठीच बोलतात, पेहरावही भोवतालच्या शेतकऱ्यांसारखाच, म्हणून त्यांचे वेगळेपण कोणाच्या ध्यानात येत नाही. कळमनुरीला आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत. पण आश्रमशाळेतून सुटीला आलेले पोर गप्प गप्प का झाले, हे विचारणारे माणूस त्या रचनेत कुठे बसते ते दिसत नाही.

आता भाषेकडे येऊ. समजा, तांड्यावरची एक बाळंतीण आहे. लेकराला जवळ घेत नाही, जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. सासू म्हणते बाहेरचं झालंय. नवरा तिला दवाखान्यात आणतो. डॉक्टर मराठीत विचारतात, ती बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत दोन-तीन वाक्ये बोलते आणि नवरा मराठीत सांगतो, ‘काही नाही साहेब, टेन्शन घ्यायलीय.’ मधली वाक्ये कुठे गेली? ज्याच्याबद्दल तक्रार असू शकते तोच दुभाषा, हा प्रकार न्यायालयात कोणी चालवून घेणार नाही. बाह्यरुग्ण विभागात तो रोज चालतो. कधी शाळेत जाणारी मुलगी आईचा दुभाषा होते आणि जे तिच्या कानांवर पडू नये ते तिच्याच तोंडून वदवले जाते.

आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाने तैवानमधल्या कामानंतर १९७०च्या दशकात डॉक्टरांना काही साधे प्रश्न शिकवले. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १६ प्रश्नांची जी सांस्कृतिक मुलाखत आली, तिच्यामागेही हीच दिशा आहे. आपल्याकडे ते प्रश्न असे विचारता येतील: घरात याला काय म्हणतात? हे कशानं झालं असं तुम्हाला वाटतं? तेव्हाच का सुरू झालं? आतापर्यंत कोणाकोणाला दाखवलं? सगळ्यात भीती कशाची वाटते? त्या बाळंतिणीला कोणी गोरमाटीत हे विचारले, तर कदाचित कळेल की माहेरचे सगळे तोडीला गेले होते, म्हणून पहिले बाळंतपण सासरी झाले आणि आईचा हात पाठीवर फिरलाच नाही. औषध लागेल तर तेही द्यावेच. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा खरा आजार आहे. पण आईला फडातून आठ दिवस आणता येईल का, मुकादमाशी कोण बोलेल, हा त्याच उपचाराचा भाग होईल. पुस्तकी सल्ला ‘वेगळे राहा’ असा पडला असता आणि उसाच्या हंगामात त्या मुलीने वेगळी चूल कशावर पेटवायची?

‘बाहेरचं’ म्हणणाऱ्या घरावर डाफरून काही साधत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीच्या दर्ग्यावर मनोरुग्णांना घेऊन येणाऱ्यांत हिंदू-मुस्लिम दोन्ही घरे असतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत १०० पैकी ७० हून अधिक माणसे उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. ती माणसे कुठे तरी जातच असतात. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर ‘दवा आणि दुआ’ शेजारी शेजारी ठेवण्याचा प्रयोग झाला, मुजावरांनीच रुग्ण डॉक्टरांकडे पाठवले. रेषा मात्र ठळक हवी. तामिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळ्यांनी बांधलेली पंचविसाहून अधिक माणसे जळून मेली. साखळी घालण्याला २०१७ च्या कायद्याने पूर्ण बंदी आहे आणि चटके, मारहाण, अघोरी उपाय यांना महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. नवस फेडायचा तर फेडा, गोळी चुकवू नका, एवढे सांगणारा कार्यकर्ता त्या घराला आपला वाटतो.

याच ठिकाणी एका सोयीच्या वाक्याबद्दल सावध राहायला हवे. ‘त्यांच्यात चालतं’ असे म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न, बायकोची मारहाण, जातपंचायतीने वाळीत टाकणे यांच्याकडे डोळेझाक केली जाते. ही त्या समाजाची कदर नव्हे. बालविवाह प्रतिबंधाचा २००६ चा, घरगुती हिंसाचाराचा २००५ चा आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा तांडा, वाडा, मोहल्ला असा भेद करत नाही. नायकाला, कारभाऱ्याला भेटावे, मान द्यावा, त्यांच्याशिवाय तांड्यावर काम उभे राहत नाही. पण घरातल्या बाईचे म्हणणे नायकाच्या तोंडून ऐकू नये. ती एकटी सापडेल अशी जागा शोधणे, पाण्यावर, लसीकरणाच्या दिवशी, बचत गटाच्या बैठकीत, हे समाजकार्यातले खरे कौशल्य आहे. उलट टोकाचा दोषही तितकाच घातक. ‘बंजारा असे असतात, आंध तसे असतात’ अशा याद्या प्रशिक्षणात वाटल्या की कार्यकर्ता समोरच्या माणसाला विचारायचे सोडून यादी वाचतो. एकाच तांड्यावर फडातून आलेली बाई आणि पुण्यात नर्सिंग करून आलेली तिची भाची यांचे दुःख एका साच्यात बसत नाही.

कुटुंबाला उपचारात घेण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णांसोबत राहू दिले. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्यावर काम होऊ शकते हे २०१० च्या सुमारास दाखवून दिले. आपल्या शेजारच्या विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच माणसांनी काम केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. हिंगोलीसाठी वाट इथूनच जाते: गोरमाटी बोलणाऱ्या दहावी-बारावी झालेल्या मुली, आंध गावांतले तरुण, मोहल्ल्यातल्या बाया यांना हे प्रशिक्षण मिळावे, आणि ते मानधनावर, सेवाभावावर नव्हे. आशाताईंच्या पाठीवर आधीच किती नोंदवह्या आहेत, हे कोणत्याही उपकेंद्रात पाहता येते; त्यांच्याकडे आणखी एक अर्ज सोपवून हे काम झाले असे समजू नये.

लक्षही थोडे रुंदावायला हवे. २०२१ मध्ये देशात आत्महत्या केलेल्या सुमारे १ लाख ६४ हजार माणसांत रोजंदारीवरचे मजूर एक चतुर्थांश होते आणि गृहिणी २३ हजारांवर. शेतकरी व शेतमजूर मिळून सुमारे ११ हजार. मराठवाड्यात चर्चा आणि निधी सातबाऱ्याभोवती फिरतो, त्यामुळे जमीन नसलेले घर आणि जमीन नावावर नसलेली बाई या दोघांकडे कोणी पाहत नाही. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत समुपदेशकाच्या पदासोबत त्याच्या फिरतीचा खर्चही मांडला जावा, एका घरासाठी अर्धा दिवस देण्याची मुभा त्याला असावी आणि त्याच्या कामाचे मोजमाप तपासलेल्या माणसांच्या आकड्यावर न करता, जे घर दुसऱ्यांदा स्वतःहून बोलवते त्यावर करावे.